मागची रांग मागे का पडते?

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, शाळेच्या पटांगणावर किंवा एखाद्या मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सकाळी चालणारा कुठलाही सामूहिक व्यायामवर्ग बघा. पहिली रांग ठेक्यात असते. दुसरी बऱ्यापैकी. मागच्या रांगेत मात्र कुणी डावीकडे निघालेलं, कुणी उजवीकडे, तर कुणी शेजारणीच्या पायांकडे बघत जागच्या जागी थबकलेलं. गाणं सगळ्यांना सारखंच ऐकू येतंय, शिकवणाऱ्या मॅडम समोरच उभ्या आहेत आणि त्या अखंड बोलताहेत. मग घोडं अडतं कुठे?

‘मागे नवखे लोक उभे राहतात म्हणून’ हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं शोधायला मॅडमच्या इशाऱ्यांकडे बघावं लागतं. व्यायाम शिकवणारा माणूस शब्दांनी, हातांनी, टाळीने किंवा नुसत्या नजरेने जे इशारे देतो, त्यांना या क्षेत्रात ‘क्यू’ म्हणतात. स्वतःला व्यायाम उत्तम येणं वेगळं आणि तीस जणांकडून तो एकाच वेळी करून घेणं वेगळं. हे दुसरं काम क्यूवर चालतं. क्यू कुठल्या वाटेने पोचतो, कधी पोचतो आणि लक्ष कशाकडे वळवतो, या तीन गोष्टी समजून घेतल्या की मागच्या रांगेचं कोडं बरंचसं उलगडतं.

बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, करून शिकणारे

प्रशिक्षकांना अनेकदा असं शिकवलं जातं की काही माणसं बघून शिकतात, काही ऐकून आणि काही प्रत्यक्ष करून. तेव्हा समोरच्याचा प्रकार ओळखा आणि त्याला त्याच्या पद्धतीने शिकवा. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी यासाठी तयार केलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. आपल्यालाही हे चटकन पटतं, कारण ‘मला बघितल्याशिवाय कळत नाही’ असं म्हणणारा एकतरी माणूस प्रत्येक घरात असतो.

२००८ साली हॅरल्ड पॅश्लर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी या कल्पनेमागचा पुरावा तपासला. त्यांची कसोटी साधी होती. ‘बघणाऱ्या’ला दाखवून आणि ‘ऐकणाऱ्या’ला सांगून शिकवल्यावर दोघांनाही जास्त आलं पाहिजे, पद्धतींची अदलाबदल केल्यावर दोघांनाही कमी आलं पाहिजे. या कसोटीला उतरणारा पुरावा जवळपास नव्हताच. माणसांना आवडीनिवडी असतात हे खरं. पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं म्हणून जास्त येतं, हे काही सिद्ध झालेलं नाही.

मग दाखवणं, सांगणं आणि करवून घेणं या तिन्हींची गरज काय? गरज आहे, कारण या तीन वाटांनी तीन वेगळ्या प्रकारची माहिती पोचते. हात किती उंच, पाऊल कुठल्या दिशेला, पाठ कशी, हे एका नजरेत कळतं. तेच शब्दांत सांगायला अर्धं मिनिट जाईल. कधी सुरू करायचं, किती वेळा करायचं आणि कधी बदलायचं, हे कानाला उत्तम कळतं. वजन टाचेवर आहे की चवड्यावर, हे मात्र ना नुसतं बघून कळतं ना ऐकून. त्यासाठी स्वतःच्या तळपायालाच विचारावं लागतं. म्हणजे डोळ्याला आकार कळतो, कानाला वेळ आणि अंगाला भार. प्रत्येक सहभागीला तिन्ही लागतात. वर्गाची तीन गटांत वाटणी करत बसण्यापेक्षा कुठली माहिती कुठल्या वाटेने पाठवायची, हे प्रशिक्षकाने ठरवलेलं बरं.

आधी सांगा, मग बदला

आता वेळेकडे येऊ. एरोबिक्सच्या वर्गात मिनिटाला १२० ठोके ही गाण्याची नेहमीची गती. म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. ‘आता उजव्या बाजूला चार पावलं’ हे वाक्य घाईने म्हटलं तरी दीड-दोन सेकंद, म्हणजे तीन-चार ठोके खातं. मॅडमनी बदलाच्या ठोक्यावर बोलायला सुरुवात केली, तर वाक्य संपेपर्यंत चार पावलांची वेळ निघून गेलेली असते.

त्यात प्रतिक्रियेचा वेळ मिळवा. डोळ्यांनी काही दिसल्यावर तयारीत असलेल्या तरुण माणसालाही हलायला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. आपल्या गाण्याच्या हिशोबात हे जवळजवळ अर्धा ठोका झालं. आता रांगा मोजा. पहिली रांग मॅडमकडे बघून हलते. दुसरीला मॅडम नीट दिसत नाहीत, म्हणून ती पहिलीकडे बघते. तिसरी दुसरीकडे. प्रत्येक रांग आपल्या वाट्याचा उशीर आधीच्या उशिरात मिळवते आणि तिसरी-चौथी रांग सहज एक-दीड ठोका मागे पडते. मागच्या रांगेतल्या काकूंचं लक्ष नसतं असं नाही. त्या पूर्ण लक्ष देऊन शिळी बातमी बघत असतात.

पर्यायांची संख्या वाढली की हा उशीर आणखी लांबतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवून दिलं, की निवडीसाठी जितके जास्त पर्याय, तितका निर्णयाला जास्त वेळ. पुढची हालचाल दोनांपैकी एक असेल तर पाय लवकर ठरवतात. आठांपैकी एक असेल तर घोटाळतात.

यावर उपाय एकच. क्यू बदलाच्या आधी पोचला पाहिजे. बसचा कंडक्टर स्टॉप आल्यावर त्याचं नाव पुकारत नाही. आधीचा स्टॉप सुटला की पुढच्याचं नाव घेतो, म्हणजे मागच्या सीटवरच्या माणसालाही दारापर्यंत यायला वेळ मिळतो. चांगला प्रशिक्षक तेच करतो. आगाऊ सांगितलेली गोष्ट कानावाटे चारही रांगांना एकाच वेळी मिळते, आणि मग एकाने दुसऱ्याकडे बघण्याची गरजच उरत नाही.

शाळेतल्या कवायतीत हे तंत्र आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. ‘दहिने...’ हा पहिला भाग लांबवून म्हटला जातो, मग क्षणभर विराम, आणि मग तोडून ‘मुड’. पहिला भाग काय करायचं ते सांगतो, विराम ते पचवायला देतो आणि दुसरा भाग कधी करायचं ते सांगतो. सरांनी ‘दहिनेमुड’ एका दमात म्हटलं असतं, तर अर्धी तुकडी दुसऱ्या तोंडाला उभी राहिली असती.

बत्तीस ठोक्यांचं वेळापत्रक

व्यायामासाठी निवडलेली गाणी सहसा आठ-आठ ठोक्यांच्या तुकड्यांत चालतात आणि असे चार तुकडे मिळून ३२ ठोक्यांचं एक पूर्ण वाक्य होतं. प्रशिक्षकाच्या हाती हेच वेळापत्रक असतं. समजा, वर्ग जागच्या जागी चालतो आहे आणि आता त्याला ग्रेपवाइन शिकवायची आहे. बाजूला पाऊल, दुसरा पाय मागून ओलांडून, पुन्हा बाजूला आणि पाय जुळवा, अशी ही चार ठोक्यांची चाल.

पहिल्या आठ ठोक्यांत मॅडम फक्त घोषणा करतात: ‘पुढे ग्रेपवाइन, खिडकीकडे.’ एवढंच, आणि उरलेले ठोके रिकामे सोडतात. दुसऱ्या आठांत ‘तुम्ही चालत राहा, फक्त बघा’ म्हणून स्वतः करून दाखवतात. इथे तोंड बंद, काम डोळ्यांचं. तिसऱ्या आठांत एकच खूण सांगतात: ‘दुसरा पाय मागून.’ चौथ्या आठांत पहिले चार ठोके गप्प राहतात. मग पाचव्यावर ‘चार’, सहाव्यावर ‘तीन’, सातव्यावर ‘खिडकीकडे’ आणि आठवा ठोका मोकळा. पुढच्या एकवर सगळा वर्ग निघतो.

इथे मोजणी उलटी आहे. ‘एक, दोन, तीन, चार’ असं सुलटं मोजलं तर किती झाले ते कळतं. उलटं मोजलं तर किती उरले ते कळतं, आणि बदलाची तयारी करायला दुसरी माहिती लागते. उलट्या मोजणीतही शेवटचे आकडे गाळून त्यांच्या जागी हालचालीचं नाव किंवा दिशा घातली, म्हणजे ‘कधी’ आणि ‘काय’ ही दोन्ही उत्तरं एकाच श्वासात मिळतात.

बत्तीस ठोक्यांत मिळून बोलले गेलेले शब्द मोजा. डझन-दीड डझन. माणूस एका वेळी मनात किती नवे तुकडे धरून ठेवू शकतो, यावर नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये मांडलेला अंदाज सुमारे चारचा आहे. तोही स्वस्थ बसलेल्या माणसाचा. घाम गाळणाऱ्या, धापा टाकणाऱ्या माणसाकडून एका वेळी एक-दोन सूचनांपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. अखंड बोलणाऱ्या मॅडमचा वर्ग विस्कळीत होतो, कारण कुठलं वाक्य कामाचं आणि कुठलं नुसतं उत्साहाचं, हे वेचण्यातच मागच्या रांगेचे ठोके संपतात.

उजवा कुणाचा?

सामूहिक वर्गातला सगळ्यात जुना गोंधळ म्हणजे दिशेचा. मॅडम वर्गाकडे तोंड करून उभ्या आहेत. त्यांनी आपला उजवा हात उचलला तर तो वर्गाला डावीकडे दिसतो. तोंडाने ‘उजवा’ आणि डोळ्यांना ‘डावा’ अशी दोन परस्परविरुद्ध पत्रं एकाच वेळी आली, की बहुतेक जण जे दिसतं त्यावर विश्वास ठेवतात. काही जण ऐकलेल्यावर ठेवतात. मग दोन शेजारणी एकमेकींवर आदळतात.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, प्रशिक्षकाने वर्गाचं आरशातलं प्रतिबिंब व्हायचं: तोंडाने ‘उजवा’ म्हणायचं आणि स्वतःचा डावा हलवायचा. याला सराव लागतो, पण जमलं की चेहरा दिसतो, ओठ दिसतात आणि कुणाचा गुडघा आत वळतोय हे मॅडमनाही दिसतं. दुसरा, पायांची चाल गुंतागुंतीची असेल तेव्हा थोडा वेळ पाठ करून उभं राहायचं, म्हणजे डावं-उजवं एकच होतं. चाल बसली की पुन्हा वळायचं. दोन्हींना पूरक युक्ती म्हणजे डावं-उजवं हे शब्दच टाळायचे. खिडकी, दार, स्पीकर, रस्ता यांच्या जागा सगळ्यांसाठी एकच असतात.

आरशाचा इतिहासही मजेशीर आहे. १९६८ साली अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांच्या पुस्तकाने ‘एरोबिक्स’ हा शब्द घरोघरी नेला. पुढच्याच वर्षी शिकागोजवळच्या इव्हान्स्टनमध्ये जूडी शेपर्ड मिसेट या नृत्यशिक्षिकेच्या लक्षात आलं, की तिच्या वर्गात येणाऱ्या आया एक-एक करून गळताहेत. त्यांना नर्तकी व्हायचं नव्हतं. घाम गाळून मोकळं व्हायचं होतं. तिने वर्गाची तोंडं भिंतीवरच्या आरशापासून फिरवली आणि आपल्याकडे केली. स्वतःच्या चुका बघत बसण्याऐवजी बायका शिक्षिकेकडे बघू लागल्या. यातूनच ‘जॅझरसाइझ’ हा प्रकार उभा राहिला.

कोलंबियातल्या काली शहराचे बेटो पेरेझ यांच्या झुंबाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. झुंबाच्या वर्गात गाणं मोठ्याने चालतं आणि प्रशिक्षक फारसा बोलत नाही. इशारे हातांचे असतात. वर केलेली बोटं म्हणजे किती वेळा, लांब केलेला हात म्हणजे कुठल्या बाजूला, डोक्यावर थोपटणं म्हणजे पहिल्यापासून पुन्हा. मात्र एक पथ्य आहे. इशारा खांद्याच्या वर झाला पाहिजे. कमरेपाशी दाखवलेलं बोट पहिल्या रांगेपलीकडे कुणालाही दिसत नाही.

गुडघ्याकडे नको, जमिनीकडे लक्ष द्या

शब्द थोडेच वापरायचे असतील, तर ते कशाबद्दल असावेत? यावर जर्मन संशोधक गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९८ मधला प्रयोग फार बोलका आहे. स्कीइंगसारखं डावी-उजवीकडे झोके घ्यायला लावणारं एक यंत्र त्यांनी वापरलं. एका गटाला पायाने जोर लावण्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. दुसऱ्याला पायाखालच्या फळीच्या चाकांवर जोर देण्याकडे. पाय आणि चाकं यांच्यात अंतर ते किती! तरीही चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. त्यानंतर तोल सांभाळणं, गोल्फ, उडी अशा अनेक हालचालींमध्ये हाच कल दिसला. लक्ष स्वतःच्या अवयवावर असलं, की माणूस जी हालचाल आपसूक झाली असती तिच्यात मुद्दाम हात घालतो आणि ती अडखळते.

स्क्वॉटचं उदाहरण घेऊ. नेहमीचा क्यू असा असतो: ‘गुडघे बोटांच्या रेषेत, कंबर मागे, छाती वर, पोट आत, वजन टाचेवर.’ पाच अवयव, पाच हुकूम. हे ऐकून साठीच्या आजोबांचा चेहरा आखडतो आणि गुडघे होते तिथेच राहतात. त्याऐवजी मागे खरोखरची खुर्ची ठेवून सांगा: ‘खुर्चीला टेका आणि जमीन ढकलून उठा.’ खुर्चीला टेकायचं तर कंबर मागे न्यावीच लागते, आणि जमीन ढकलायची तर पूर्ण पाऊल टेकावंच लागतं. पाचांपैकी तीन-चार गोष्टी न सांगता घडतात. उरलेली एखादी मग एका शब्दात सांगता येते.

पुण्यात घडलेली एक परंपरा या मुद्द्याशी फार जवळून जुळते. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि १९७५ मध्ये त्यांची शिवाजीनगरची संस्था सुरू झाली. त्यांच्या पद्धतीत लाकडी विटा, पट्टे, दोऱ्या, खुर्च्या आणि भिंत यांचा वापर ठरलेला. ताडासनात दोन मांड्यांमध्ये वीट धरायला दिली, की ‘मांड्या आत घ्या’ हे समजावत बसावं लागत नाही. वीट घसरू लागली की अंगालाच कळतं. इथे साधन हाच क्यू, आणि तो प्रत्येकाला स्वतःपुरता, अगदी वेळेवर मिळतो.

अवयवांची नावं अजिबात घेऊ नयेत असा याचा अर्थ नव्हे. गुडघा नेमका कुठे असावा हे नवख्याला एकदा दाखवावंच लागतं, आणि दुखापतीचा धोका असेल तिथे स्पष्ट सांगावंच लागतं. पण रोजच्या सूचनांचा रोख अंगाबाहेरच्या वस्तूकडे असलेला बरा.

खरे प्रकार: नवखा, सरावलेला, मुरलेला

शिकणाऱ्यांमध्ये फरक असतोच, पण तो डोळे-कानांचा नसून टप्प्याचा असतो. पॉल फिट्स आणि मायकेल पोझनर यांनी १९६७ मध्ये शिकण्याचे तीन टप्पे मांडले. ते व्यायामवर्गाला आजही चपखल बसतात.

नवखा माणूस प्रत्येक पाऊल विचार करून टाकतो. त्याला दाखवणं जास्त आणि बोलणं कमी लागतं. आधी पाय, ते बसले की दिशा, मग हात, अशा क्रमाने एकेक थर चढवावा. हात-पाय एकदम दिले, तर तो दोन्ही सोडतो.

सरावलेल्याला चाल येते, चुका मधूनमधून होतात. त्याला हवी असते एखादी नेमकी दुरुस्ती, आणि तीही सतत नको. कॅरोली विन्स्टिन आणि रिचर्ड श्मिट यांच्या १९९० मधल्या प्रयोगांत प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितलेल्यांपेक्षा निम्म्याच प्रयत्नांनंतर सांगितलेल्यांच्या लक्षात हालचाल जास्त चांगली राहिली. सारखं कुणी सांगत राहिलं, की माणूस स्वतःच्या अंगाचं ऐकणं सोडून देतो.

मुरलेल्याचं अंग आपोआप चालतं. त्याला ठेका, चढती अवघड पायरी आणि अधूनमधून शाबासकी पुरते.

मात्र हे शिक्के माणसावर मारायचे नाहीत. दहा वर्षं योगासनं करणारी बाई झुंबाच्या पहिल्या दिवशी नवखीच असते. मिश्र वर्गात म्हणूनच सगळ्यांना आधी साधी हालचाल द्यावी आणि ती चालू असतानाच ‘जमेल त्यांनी हात वर’ असा पुढचा थर द्यावा. साध्या हालचालीवर थांबणाऱ्याला आपण मागे राहिलो असं वाटत नाही, आणि पुढे जाणाऱ्याला कंटाळा येत नाही.

हात लावण्याआधी

स्पर्शाने दिलेला क्यू सगळ्यात थेट असतो, आणि सगळ्यात नाजूकही. वर्गाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना विचारून ठेवावं, आणि प्रत्येक वेळी ‘खांद्याला हात लावू का?’ असं पुन्हा विचारावं. नकार आला तर कारण विचारू नये. बहुतेक वेळा सहभागीचा स्वतःचा हात पुरतो: ‘तळहात पोटावर ठेवा, श्वास घेताना तो वर आला पाहिजे.’ चूक दिसली तर आधी नाव न घेता सगळ्या वर्गाला सांगावं. तरी राहिली तर जवळ जाऊन हळू आवाजात. ज्येष्ठांच्या वर्गात गाण्याचा आवाज उतरवावा. कमी ऐकू येणाऱ्यांना संगीतावरून येणारे शब्द सगळ्यात आधी हुकतात.

थोडक्यात

▪ आकार डोळ्यांना दाखवा, वेळ कानांना सांगा, भार अंगाला जाणवू द्या.
▪ क्यू बदलाच्या किमान चार ठोके आधी. नव्या चालीसाठी त्याहून आधी.
▪ मोजणी उलटी, आणि शेवटच्या आकड्यांच्या जागी दिशा किंवा नाव.
▪ डावं-उजवं टाळा. खिडकी, दार, स्पीकर म्हणा.
▪ हाताचा इशारा खांद्याच्या वर.
▪ अवयवांऐवजी जमीन, भिंत, खुर्ची, वीट यांच्याकडे लक्ष वळवा.
▪ एका वेळी एकच दुरुस्ती, मग थोडा वेळ गप्प.
▪ स्पर्शाआधी परवानगी, दर वेळी.

स्वतःची परीक्षा

प्रशिक्षकाला हे सगळं तपासायला महागडं काही लागत नाही. मोबाइल मागच्या रांगेत ठेवून दहा मिनिटांचा वर्ग टिपावा आणि तो दोनदा बघावा. पहिल्यांदा आवाज बंद करून: नुसतं बघून पुढची चाल कळते का, इशारा शेवटच्या रांगेपर्यंत दिसतो का? दुसऱ्यांदा पडद्याकडे न बघता, नुसतं ऐकून: सूचना बदलाच्या आधी संपते का, की बदल होऊन गेल्यावर? मग गाळता येतील ते शब्द कागदावर लिहून काढावेत. ‘मस्त’, ‘चला चला’, ‘अजून थोडं’ यांची संख्या बघून बहुतेकांना आश्चर्य वाटेल. दुसऱ्या दिवशी त्यातले निम्मे वगळून वर्ग घ्यावा आणि मोकळ्या झालेल्या ठोक्यांत मागच्या रांगेकडे बघावं. क्यू वेळेवर पोचला की नाही, याचं उत्तर तिथले पाय देतात.